आकड्यांत न मावलेला गोलरक्षक

फ्रँक स्विफ्ट इंग्लंडकडून पहिला अधिकृत सामना खेळला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. तारीख २८ सप्टेंबर १९४६, गाव बेलफास्ट, समोर आयर्लंडचा संघ. इंग्लंडने तो सामना ७-२ असा जिंकला. पुढच्या जेमतेम तीन वर्षांत तो एकूण १९ अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि निवृत्त झाला. नुसत्या नोंदी चाळणाऱ्याला वाटेल, उशिरा संधी मिळालेला एखादा बरा खेळाडू असावा. प्रत्यक्षात तेविशी ओलांडल्यावर काही महिन्यांतच इंग्लंडमधला सर्वांत मानाचा एफ. ए. करंडक आणि अव्वल श्रेणीचं विजेतेपद ही दोन्ही पदकं त्याच्या घरी होती. मधली सात वर्षं दुसऱ्या महायुद्धाने नेली. गोलरक्षकाची नजर आणि अंदाज ज्या वयात पक्के होतात, नेमकं तेच वय. त्या काळातही तो खेळत होता, इंग्लंडकडून हजारो प्रेक्षकांसमोर खेळत होता. पण ते सामने अधिकृत हिशेबात धरलेच गेले नाहीत.

स्विफ्टचा जन्म २६ डिसेंबर १९१३ चा, ब्लॅकपूलचा. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे गाव म्हणजे लँकशायरच्या कापड गिरण्यांमधल्या कामगारांचं सुट्टीचं ठिकाण. गिरण्या आठवडाभर बंद झाल्या की बायकापोरं घेऊन लोक तिथे समुद्रावर यायचे. अशा गावात पोटापाण्याचे उद्योगही त्याच प्रकारचे. फ्रँक गॅसच्या कारखान्यात कोळशाच्या कामावर होता आणि मोसमात भावाबरोबर पर्यटकांना फिरवणारी होडी चालवायचा. थोरला भाऊ फ्रेड व्यावसायिक फुटबॉलपटू होता आणि तोही गोलरक्षकच. जवळच्या फ्लीटवुडच्या संघातून खेळत असताना मँचेस्टर सिटीची नजर फ्रँकवर पडली आणि १९३२ च्या हिवाळ्यात, अठरा वर्षांच्या या पोराला सिटीने घेतलं.

पुढच्याच वर्षी सिटी एफ. ए. करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचली. स्विफ्ट तेव्हा राखीव संघातला नवखा. तो एका मित्राबरोबर मोटरसायकलवरून लंडनला गेला आणि वेम्बली मैदानावरच्या गर्दीत उभं राहून त्याने आपल्या क्लबला एव्हर्टनकडून ०-३ असं हरताना पाहिलं. खेळाडूंच्या पाठीवर आकडे दिसलेला हा पहिला अंतिम सामना. एव्हर्टनला १ ते ११ आणि सिटीला १२ ते २२ असे आकडे दिले होते. बरोबर एका वर्षाने, २८ एप्रिल १९३४ रोजी, सिटी पुन्हा वेम्बलीवर होती आणि गोलमध्ये स्विफ्ट होता.

त्याला संधी मिळाली ती एका दारुण पराभवामुळे. १९३३ च्या नाताळाच्या तोंडावर वुल्व्हरहॅम्प्टनने सिटीवर आठ गोल केले. त्या काळी इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवशी लीगचे सामने व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी पुष्कळदा त्याच प्रतिस्पर्ध्याशी परत गाठ पडायची. २५ डिसेंबरला डर्बी काउंटीविरुद्ध स्विफ्टला उतरवलं. सिटी १-४ अशी हरली. पण व्यवस्थापकांनी त्याला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तो वीस वर्षांचा झाला, आणि पुढची कितीतरी वर्षं तो संघाबाहेर गेला नाही. १९३४-३५ पासून १९३७-३८ पर्यंतच्या चारही हंगामांत तो लीगचा प्रत्येक सामना खेळला. बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता आणि चेंडू हातात असलेल्या गोलरक्षकाला खांद्याने धडक देऊन पाडणं नियमांत बसत होतं. अशा काळात चार हंगाम एकही सामना न चुकवणं म्हणजे काय, याची कल्पना आजच्या गोलरक्षकालाच जास्त येईल.

१९३४ च्या त्या करंडकाच्या वाटेवर स्टोक सिटीविरुद्धच्या सामन्याला सिटीच्या मेन रोड मैदानावर ८४,५६९ लोक आले. लंडनबाहेर इंग्लंडमधल्या क्लबच्या मैदानावर एवढी गर्दी त्यानंतर कधी झालेली नाही. उपांत्य फेरीत सिटीने ॲस्टन व्हिलाला ६-१ असं लोळवलं. उरलं होतं पोर्ट्समथ.

अंतिम सामन्याच्या दिवशी पावसाने मैदान ओलं होतं. तेव्हाचा चेंडू कातडी तुकड्यांचा, तोंडाशी नाडीने आवळलेला. पाणी प्यायला की जड आणि निसरडा होई. हातमोजे घालावेत की नाही, याचा स्विफ्टला निर्णय होईना. त्याने समोरच्या गोलकडे पाहिलं. पोर्ट्समथचा अनुभवी गोलरक्षक मोजे घालत नव्हता, म्हणून यानेही घातले नाहीत. सामन्याला अर्धा तास होण्याआधी पोर्ट्समथच्या रदरफर्डचा तिरका फटका त्याच्या बोटांना चाटून आत गेला. मोजे असते तर अडवला असता, असं तो स्वतःशी घोकत मध्यंतराला खोलीत शिरला आणि खाली मान घालून बसला. फ्रेड टिल्सन या सेंटर फॉरवर्डने त्याला धीर दिला की दुसऱ्या अर्ध्यात मी दोन मारतो. टिल्सनने खरोखरच दोन मारले, दुसरा तर अखेरच्या काही मिनिटांत.

मग स्विफ्टच्या गोलमागे बसलेले छायाचित्रकार त्याला उरलेली मिनिटं मोजून सांगू लागले. चार राहिली, तीन राहिली, एक राहिलं. शेवटची शिट्टी झाली, तो टोपी आणि मोजे उचलायला गोलजाळ्याकडे वळला आणि तिथेच बेशुद्ध होऊन कोसळला. त्याला शुद्धीवर आणून, आधार देत पदक घ्यायला पायऱ्यांवर नेलं. राजे पंचम जॉर्ज यांनी त्याची विचारपूस केली आणि दोन दिवसांनी क्लबकडे तार पाठवून प्रकृती कशी आहे असंही विचारलं. सव्वासहा फुटांच्या आसपास उंचीचा, दांडगा वीस वर्षांचा मुलगा आनंदाने बेशुद्ध पडतो, ही गोष्ट इंग्लंडमध्ये घरोघर पोहोचली. त्या दिवसापासून तो लोकांचा लाडका झाला तो कायमचा.

त्याच संघात मॅट बस्बी नावाचा स्कॉटिश हाफबॅक होता. कोळशाच्या खाणीच्या वस्तीतून आलेला, शांत, विचारी. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१९३६-३७ मध्ये सिटी पहिल्यांदा लीग विजेती झाली. नाताळानंतर त्या हंगामात संघ एकही सामना हरला नाही. पाठोपाठच्या हंगामात याच संघाने अव्वल श्रेणीत सर्वांत जास्त, म्हणजे ८० गोल केले आणि तरीही तो दुसऱ्या श्रेणीत घसरला. लीगच्या इतिहासात गतविजेता संघ खाली गेल्याचं हे एकमेव उदाहरण. गोलरक्षकाच्या दृष्टीने यात एक कडू सत्य आहे. पुढचे खेळाडू धडाकेबाज असले की बचाव उघडा पडतो आणि मागे एकटा राहिलेल्या माणसाच्या नावावर गोल जमा होत राहतात. कदाचित त्यामुळेच इंग्लंडच्या निवड समितीने त्या वर्षांत आधी बर्मिंगहॅमच्या हॅरी हिब्जला आणि नंतर चेल्सीच्या व्हिक वूडलीला पसंती दिली. स्विफ्ट रांगेत तिसरा राहिला.

तरीही तो इतरांपेक्षा वेगळा का होता? आधी त्याचे हात पाहावेत. पंजा पसरला की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जवळजवळ बारा इंच भरायचे. चेंडूचा व्यास नऊ इंचांच्या आतला. म्हणजे ज्याला इतर गोलरक्षक दोन्ही हातांनी छातीशी कवटाळत, तो चेंडू स्विफ्ट एका पंजात, वरून, नारळ धरावा तसा धरायचा. ओला, जड, नाडीच्या बाजूला उंचवटा असलेला चेंडू हवेत एका हाताने पकडून ठेवणं ही त्याच्यासाठी करामत नव्हती, रोजचं काम होतं.

या पंजांचा त्याने जो उपयोग केला तो महत्त्वाचा. त्या पिढीतला गोलरक्षक चेंडू अडवायचा आणि जमेल तितक्या लांब लाथाडायचा. चेंडू मधल्या रेषेपलीकडे पडायचा, तिथे दोघे-तिघे डोक्याने झगडायचे आणि निम्म्या वेळा तो प्रतिस्पर्ध्याकडेच जायचा. स्विफ्ट तो फेकू लागला. हात मागे नेऊन, खांद्यावरून, सरळ रेषेत, बाजूच्या मोकळ्या सहकाऱ्याच्या पायाशी. चेंडू हातात घेऊन गोलरक्षकाला चारच पावलं टाकायची परवानगी होती, १९३१ पर्यंत तर दोनच. त्या चार पावलांत मान वर करून मैदान बघायचं, कोण सुटलाय ते हेरायचं आणि अर्ध्या मैदानापर्यंत फेक करायची. अडवणं संपलं तिथेच आक्रमण सुरू झालं. आज टीव्हीवर सामने पाहणाऱ्या मुलांना गोलरक्षकाने चाल सुरू करणं यात नवल वाटणार नाही. १९३० च्या दशकात ही रीत नेमाने चालवणारे फार थोडे होते आणि स्विफ्ट त्यांतला सर्वांत नावाजलेला.

स्वभावही त्या हातांसारखाच ऐसपैस. गोलमागच्या प्रेक्षकांशी गप्पा, प्रतिस्पर्ध्याने सुरेख फटका मारला तर त्याला दाद, आपल्याच बचावपटूंची थट्टा. गंभीर मंडळींना हे आवडत नसे. पण मैदानावर सदैव वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाचं मन या थट्टामस्करीने हलकं राहत असावं, असं त्याची १९३४ ची घालमेल आठवली की वाटतं.

सप्टेंबर १९३९. हंगामाचे जेमतेम तीन सामने झाले होते. ३ तारखेला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि सरकारने गर्दी जमेल असे सगळे खेळ थांबवले. लीग गुंडाळली, झालेल्या सामन्यांचे निकाल नोंदींतून रद्द झाले. खेळाडूंचे करार स्थगित झाले, म्हणजे पगार बंद. स्विफ्ट आधी मँचेस्टरमध्ये विशेष पोलीस म्हणून दाखल झाला आणि त्याला रहदारी सांभाळायला चौकात उभं केलं. त्याच्याबद्दलचा एक किस्सा मँचेस्टरमध्ये सांगितला जातो. पहिल्याच दिवशी त्याच्या हातवाऱ्यांनी गाड्यांचा असा गुंता झाला की तो सोडवणं आपल्या आवाक्यातलं नाही हे ओळखून त्याने सरळ घरचा रस्ता धरला. नंतर तो लष्करात गेला.

बंदी फार दिवस टिकली नाही. बॉम्बहल्ल्यांच्या सावटाखाली जगणाऱ्या लोकांना शनिवारी दुपारी दोन तास दुसरं काहीतरी हवं आहे, हे सरकारला लवकर उमगलं. फुटबॉल परत सुरू झाला, पण त्याचं रूप पार बदललं. प्रवास कमी व्हावा म्हणून प्रादेशिक स्पर्धा आखल्या गेल्या. धोक्याच्या शहरांत सुरुवातीला आठ हजारांपेक्षा जास्त प्रेक्षक घ्यायला मनाई होती. खेळाडूला सामन्यामागे तीस शिलिंग मिळत. विमानं आल्याचा इशारा झाला की खेळ थांबे. ११ मार्च १९४१ च्या रात्री मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान बॉम्बने उद्ध्वस्त झालं. सिटीने शेजाऱ्याला आपलं मेन रोड वापरायला दिलं. १९४९ पर्यंत दोन्ही हाडवैरी क्लब एकाच मैदानावर आपापले घरचे सामने खेळले.

या काळातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे पाहुणे खेळाडू. शिपाई झालेला खेळाडू आपल्या छावणीजवळच्या कोणत्याही क्लबकडून खेळू शकायचा. सकाळी संघात कोण असेल हे दुपारपर्यंत नक्की नसायचं आणि प्रसंगी प्रेक्षकांतून माणूस उचलून अकरा पुरे करावे लागत. ॲल्डरशॉट हा दक्षिण इंग्लंडमधला तळाच्या श्रेणीतला साधा क्लब. पण गावात मोठी लष्करी छावणी असल्यामुळे ब्रिटन, कलिस आणि मर्सर या तिघा खेळाडूंची, म्हणजे इंग्लंडची अख्खी हाफबॅकची फळी त्यांच्याकडून खेळली. स्विफ्टही तिथे पाहुणा म्हणून उतरला. दर शनिवारी दोन-चार हजार लोकांची सवय असलेल्या त्या गावाला असा संघ पुन्हा कधी दिसला नाही.

इंग्लंड आणि स्कॉटलंड एकमेकांशी खेळतच राहिले. १६ ऑक्टोबर १९४३ चा सामना स्विफ्टच्या घरच्या मैदानावर, मेन रोडवर झाला आणि इंग्लंडने स्कॉटलंडला ८-० असं हरवलं. गोलमध्ये स्विफ्ट, उजवीकडे स्टॅन्ली मॅथ्यूज, मध्ये चार गोल करणारा टॉमी लॉटन. ज्यांनी तो संघ पाहिला त्यांतले कित्येक जण त्याला इंग्लंडचा आजवरचा सर्वोत्तम संघ म्हणत. अधिकृत नोंदींत मात्र हा सामना नाही.

त्या संघाच्या डाव्या बगलेवर डेनिस कॉम्प्टन होता, तोच क्रिकेटवाला कॉम्प्टन. पुढे त्याची लष्करी नेमणूक भारतात महूला झाली आणि तो सी. के. नायडूंच्या होळकर संघातून रणजी खेळला. १९४५ च्या मार्चमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजीच्या अंतिम सामन्यात त्याने मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा काढल्या. त्याआधी दुसऱ्या डावात विजय मर्चंट यांनी २७८ काढल्या होत्या आणि मुंबईने सामना ३७४ धावांनी जिंकला. मुंबईकरांच्या जुन्या पिढीला ब्रेबॉर्नवरचा कॉम्प्टन आठवायचा. दीड वर्षापूर्वी तो मँचेस्टरमध्ये स्विफ्टच्या फेकी झेलत धावत होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

युद्धाने खेळाडूंचं किती नुकसान केलं, हे जो मर्सरच्या नोंदीवरून दिसतं. अधिकृत सामने ५, युद्धकाळातले २० हून जास्त. चार्लटनचा गोलरक्षक सॅम बार्ट्रम इंग्लंडकडून युद्धकाळात खेळला, अधिकृत सामना त्याला एकही मिळाला नाही. आणि स्विफ्टच्या पुढे ज्याचा नंबर होता, तो चेल्सीचा वूडली? युद्ध संपलं तेव्हा तो छोट्या बाथ सिटी क्लबकडे होता. १९४६ मध्ये डर्बी काउंटीला अचानक गोलरक्षकाची गरज पडली, त्यांनी वूडलीला बोलावलं आणि पस्तिशी ओलांडलेल्या या माणसाने एफ. ए. करंडक जिंकला. समोरच्या गोलमध्ये बार्ट्रम होता. या सामन्यात चेंडूही फुटला. युद्धानंतर चामडं चांगलं मिळत नव्हतं.

१९४५ च्या सुमारास लष्कराचा एक संघ इटलीत सैनिकांसाठी सामने खेळत हिंडत होता. त्या संघाची जबाबदारी मॅट बस्बीकडे होती आणि गोलमध्ये स्विफ्ट. माणसं कशी निवडावीत, कशी सांभाळावीत याचा बस्बीने गिरवलेला हा पहिला धडा म्हणता येईल. त्याच वर्षी तो मँचेस्टर युनायटेडचा व्यवस्थापक झाला आणि सिटीतले हे दोन जुने दोस्त एकाच शहरातल्या दोन छावण्यांत गेले. मैत्रीत फरक पडला नाही.

१९४६ च्या ऑगस्टमध्ये लीग परत सुरू झाली. स्टेडियम ओसंडून वाहू लागली. सहा वर्षं काळोखात, रेशनवर काढलेल्या लोकांना खेळ हवा होता. सिटीने पहिल्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकून वर झेप घेतली. व्यवस्थापक होता सॅम कावन, १९३४ चा स्विफ्टचा कर्णधार. स्विफ्ट आता तिशी ओलांडलेला आणि इंग्लंडचा निर्विवाद पहिला गोलरक्षक. मे १९४७ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ब्रिटनचा एकत्रित संघ उर्वरित युरोपविरुद्ध खेळला. सव्वा लाखाहून अधिक लोकांसमोर ब्रिटन ६-१ ने जिंकलं, गोलमध्ये स्विफ्ट. पंधरा दिवसांनी लिस्बनला इंग्लंडने पोर्तुगालवर दहा गोल केले आणि स्विफ्टने एकही खाल्ला नाही.

आणि मग तुरिन.

१६ मे १९४८. इटली हा १९३४ आणि १९३८ चा विश्वविजेता, प्रशिक्षक तेच व्हित्तोरिओ पोत्सो. संघात तोरिनो क्लबचे खेळाडू भरलेले, आणि तोरिनो तेव्हा युरोपातला सर्वांत बलाढ्य क्लब मानला जाई. इंग्लंडने कर्णधारपद स्विफ्टकडे दिलं होतं. गोलरक्षकाने इंग्लंडचं नेतृत्व करण्याची वेळ १८७३ नंतर पहिल्यांदाच आली होती. सुरुवातीलाच इंग्लंडच्या मॉर्टेन्सनने जवळजवळ अशक्य कोनातून गोल केला. त्यानंतर इटलीने जे हल्ले चढवले ते पाहणाऱ्यांनी सांगितलं आहे की पहिल्या अर्ध्यात इंग्लंड दोन-तीन गोलांनी मागे पडलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं. मॅत्सोला, गाबेत्तो, मेंती एकामागून एक सुटत होते आणि समोर ते पंजे उभे राहत होते. गाबेत्तोचा अगदी जवळचा फटका त्याने अडवला तेव्हा गाबेत्तो हताश होऊन जमिनीवर हात आपटत राहिला. अखेर निकाल ४-० असा इंग्लंडच्या बाजूने लागला. लॉटनचा एक, फिनीचे दोन. निकालाचा आकडा एकतर्फी वाटतो, खेळ तसा नव्हता. माझ्या मते स्विफ्टच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा दिवस हा, १९३४ चा नव्हे. वेम्बलीवर तो तरला होता, तुरिनला त्याने सामना जिंकून दिला.

त्या दिवशी समोर खेळलेले मॅत्सोला, गाबेत्तो, मेंती आणि इटलीचा गोलरक्षक बाचिगालूपो वर्षभरानेच, ४ मे १९४९ रोजी, तुरिनजवळच्या सुपेर्गा टेकडीवर विमान आदळून गेले. तोरिनोचा जवळजवळ सगळा संघ त्या विमानात होता.

त्याच महिन्यात स्विफ्ट ऑस्लोला नॉर्वेविरुद्ध इंग्लंडकडून शेवटचा सामना खेळला. पस्तिसाव्या वर्षी, फॉर्मात असताना, त्याने थांबायचं ठरवलं. यामागचा एक हिशेब आजच्या वाचकाला कळला पाहिजे. तेव्हा इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगाराला कायद्याने बांधावी तशी कमाल मर्यादा होती. युद्धाआधी हंगामात आठवड्याला ८ पौंड, १९४७ पासून १२ पौंड. ऐंशी हजार लोक ज्याला बघायला येत त्यालाही त्यापुढे एक पेनी जास्त नाही. ही मर्यादा १९६१ मध्ये उठली. दुखापत झाली तर हातात काहीच उरत नसे, म्हणून शहाणा खेळाडू पाय शाबूत असतानाच दुसरं काम बघायचा. स्विफ्टने मँचेस्टरमधल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत विक्रीचं काम धरलं. त्याच्या जागी आलेल्या ॲलेक थर्लोला क्षयाने गाठलं तेव्हा क्लबच्या अडचणीला तो सप्टेंबर १९४९ पर्यंत चार सामने पुन्हा खेळला. सिटीसाठी त्याचे लीग सामने ३३८ भरले. त्यातून युद्धाचे सात हंगाम वजा आहेत.

त्यानंतर सिटीने गोल कोणाच्या हाती दिला? बर्ट ट्राउटमान या जर्मनाच्या. ब्रेमेनचा हा माणूस हिटलरच्या सैन्यात पॅराशूटधारी शिपाई होता, पकडला गेला, लँकशायरच्या युद्धकैदी छावणीत आला आणि सुटल्यावर तिथेच राहिला. बॉम्बच्या जखमा ताज्या असलेल्या मँचेस्टरमध्ये, आणि तेही स्विफ्टच्या जागेवर, एक जर्मन सैनिक! शहरातल्या मोठ्या ज्यू समाजासह हजारो लोकांनी निषेध केला. तेव्हा शहराचे रब्बी अलेक्झांडर आल्टमान यांनी जाहीर पत्र लिहून एका माणसाला सगळ्या देशाच्या पापाची शिक्षा देऊ नका असं सांगितलं. आल्टमान स्वतः नाझींच्या छळातून निसटून आलेले होते. ट्राउटमान टिकला. १९५६ च्या अंतिम सामन्यात मानेचं हाड मोडलेलं असतानाही तो शेवटपर्यंत खेळला आणि करंडक घेऊन गेला. त्याचीही लांब फेक प्रसिद्ध होती.

स्विफ्टने पुढे लेखणी धरली. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या रविवारच्या वर्तमानपत्रासाठी तो सामन्यांचे वृत्तांत लिहू लागला. १९५८ च्या फेब्रुवारीत मँचेस्टर युनायटेडचा तरुण संघ युरोपियन करंडकासाठी बेलग्रेडला गेला. व्यवस्थापक अर्थातच मॅट बस्बी. वार्ताहरांच्या तुकडीत स्विफ्ट. ५ तारखेला रेड स्टारशी ३-३ अशी बरोबरी झाली, युनायटेड उपांत्य फेरीत गेलं. ६ तारखेला परतताना विमान इंधनासाठी म्युनिकला उतरलं. बर्फ पडत होतं, धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल साचला होता. दोनदा उड्डाण सोडून द्यावं लागलं. तिसऱ्या प्रयत्नात विमान पुरेसा वेग घेऊ शकलं नाही आणि धावपट्टीपलीकडच्या घरावर आदळलं. २३ माणसं गेली. त्यांत आठ खेळाडू आणि आठ पत्रकार. युनायटेडचा गोलरक्षक हॅरी ग्रेग जळत्या विमानात पुन्हा पुन्हा शिरून माणसं बाहेर काढत होता, त्यात एक लहान मुलगी आणि तिची गरोदर आई होती.

स्विफ्टला बाहेर काढलं तेव्हा तो जिवंत होता. रुग्णालयात नेताना वाटेत त्याचा मृत्यू झाला. वय ४४. बस्बी गंभीर जखमी होता, पण वाचला. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याच्या नव्या संघाने तो युरोपियन करंडक जिंकला.

म्युनिकची आठवण दर वर्षी ६ फेब्रुवारीला काढली जाते, ती बहुतेक वेळा युनायटेडची म्हणून. खेळाडू सारे त्यांचेच होते, त्यामुळे ते साहजिक आहे. पण त्या यादीत सिटीच्या इतिहासातला एक सर्वश्रेष्ठ खेळाडू आहे हे विसरून चालणार नाही. १९९८ मध्ये आपल्या शंभराव्या हंगामाच्या निमित्ताने इंग्लिश फुटबॉल लीगने शंभर दिग्गजांची यादी जाहीर केली. तिच्यात फ्रँक स्विफ्टचं नाव आहे आणि बर्ट ट्राउटमानचंही.